जुन्या जाळ्याचं झाकण: घरच्या मत्स्यटाकीसाठी आणि खालच्या नदीसाठी



१ जून ते ३१ जुलै. पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या, इंजिनं उघडून ठेवलेली आणि पडवीत जाळ्यांचे ढीग. फाटलेलं सांधायचं, अगदीच गेलेलं बाजूला काढायचं. हे बाजूला काढलेलं जाळं पुढे वर्षभर कोपऱ्यात पडून राहतं. आज त्यातल्याच हातभर तुकड्याचं काम सांगतो: घरातल्या मत्स्यटाकीचं झाकण.

आता कोणी म्हणेल, समुद्रावर जाणाऱ्या माणसांना काचेच्या पेटीतल्या माशांचं काय? पण आपल्याच घरांमधून बघा. पोरांच्या हट्टापायी आणलेली दोन फुटी टाकी बऱ्याच ठिकाणी आहे. काही घरांत बायकांनी गप्पी, मोली, फायटर यांची पिल्लं काढून विकायला सुरुवात केली आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत माशांच्या परसातल्या युनिटसाठीही अनुदान ठेवण्यात आलं: सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. म्हणजे हा नुसता शोभेचा विषय उरलेला नाही. जोडीतली एक चांगली मादी रात्री उडी मारून फरशीवर पडली, तर पुढच्या सगळ्या पिल्लांचा हिशेब गेला.

यात दुसरी एक गोष्ट आहे आणि ती आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. तिच्यासाठी किनारा सोडून थोडं वर, घाटात जावं लागेल.

दिग्गीचं पाणी कारवारला येतं

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात, गोव्याच्या हद्दीजवळ जंगलात दिग्गी हे गाव आहे. काळी नदीचा उगम त्याच भागातल्या डोंगरांत होतो. तिथून नदी निघते, गणेशगुडीजवळच्या सुपा धरणात थांबते, पुढे कोडसळ्ळी आणि कद्रा ही धरणं ओलांडते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारला, सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. खाडीतल्या तिसऱ्या, खाडीचे मासे, तोंडावरची छोटी होडी, सगळ्यांना पाणी देणारी नदी तीच.

आता समजा, दिग्गीत एखाद्या घराच्या पडवीत टाकी आहे, किंवा अंगणात गप्पींचा टब ठेवलाय. जून उजाडतो. घाटात पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको, दिवस-दिवस धार तुटत नाही. टब भरतो, काठावरून वाहतो, अंगणातलं पाणी शेतात, शेतातलं ओहोळात आणि ओहोळातलं काळीत. त्या पाण्याबरोबर टबातले चार मासे गेले तर घरच्यांना कळणारही नाही. कळलं तरी वाटेल, गेले बिचारे, जगतील नदीत.

खरी अडचण इथेच आहे. ते जगतात.

आपल्याकडे दुकानात मिळणारे बहुतेक शोभेचे मासे बाहेरदेशचे. गप्पी दक्षिण अमेरिकेचा. टाकीची काच चाटून साफ ठेवणारा म्हणून विकला जाणारा ‘सकर’ही तिकडचाच. दुकानात तो बोटाएवढा असतो, मोकळ्या पाण्यात फूट-दीड फूट वाढतो. अंगावर हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत आणि परांना कडक काटे, त्यामुळे त्याला खाणारा कोणी नाही. जाळ्यात अडकला की सोडवताना जाळंच फाटतं आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत आज तो पसरलाय. आंध्रकडे त्याला ‘डेव्हिल फिश’, सैतान मासा, असंच नाव पडलंय. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या शास्त्रज्ञांना तो कुठवर पोहोचलाय हे शोधायला पाण्यात उरलेल्या डीएनएचा माग काढावा लागला. हा मासा कोणी मुद्दाम शेती करायला नदीत सोडलेला नाही. तो टाक्यांतून आणि शोभेच्या माशांच्या तळ्यांतून निसटला, नाहीतर कंटाळून कोणीतरी सोडून दिला.

जगात याचं सगळ्यात मोठं उदाहरण तर आपल्याच समुद्राचं आहे. लायनफिश, तो पट्ट्यापट्ट्यांचा, विषारी काट्यांचा मासा, हिंदी आणि पॅसिफिक महासागरातला. अमेरिकेत लोक तो हौसेने टाकीत ठेवायचे. १९८५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर तो पहिल्यांदा मोकळ्या समुद्रात दिसला. आज तिथून थेट कॅरिबियन बेटांपर्यंत तो पसरलाय, तिथल्या प्रवाळांतली लहान मासळी खाऊन फस्त करतोय आणि ते देश त्याला मारण्याच्या स्पर्धा भरवताहेत. काचेच्या पेटीतून बाहेर पडलेला मासा परत पेटीत आणता येत नाही.

काळीच्या खोऱ्यात असं व्हायला नको. सह्याद्रीच्या ओढ्यांमधले बरेच मासे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. त्यांची अंडी, पिल्लं खायला बाहेरचा एक हावरा मासा पुरे. आणि ‘खाली खारं पाणी आहे, तिथे मरतील’ या भरवशावरही राहू नका. गप्पी आणि तिलापिया खाडीच्या मचूळ पाण्यातसुद्धा तग धरतात. म्हणून उगमाकडच्या टाकीचं झाकण हे खाडीवरच्या मच्छीमाराचंही काम आहे.

मासा उडी का मारतो?

चढणीचे मासे आपण सगळ्यांनी पाहिलेत. पहिला जोरदार पाऊस पडला, ओहोळाला लाल पाणी आलं, की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, दगडांवरून उड्या मारत शेतात शिरतात. अंडी घालायला त्यांना उथळ, नवं पाणी हवं असतं. ओढ्यातल्या माशाला उडी मारली की वरचा डोह मिळतो. हजारो वर्षांची ही सवय टाकीत आणल्याने सुटत नाही. बाहेर पाऊस कोसळतोय, टाकीत नवं गार पाणी ओतलंय, फिल्टरची धार पडतेय, या सगळ्याचा माशाच्या लेखी एकच अर्थ: वर चढायची वेळ झाली. वर डोह नसतो, फरशी असते.

याशिवाय नेहमीची कारणं आहेत:

• नवी टाकी, नवा मासा. पहिल्या दोन-चार रात्री सगळ्यात धोक्याच्या.
• पाणी खराब होणं. खाणं जास्त पडलं, तळाशी कुजलं, की अमोनिया वाढतो आणि मासा सुटकेसाठी उसळतो.
• हवा कमी पडणं. वीज गेली, पंप बंद, मासे वर येऊन तोंड उघडमीट करतात.
• अंधारात एकदम दिवा लावणं, काचेवर टकटक करणं.
• मोठ्या माशाने लहानाचा पाठलाग करणं.

यातलं जे आपल्या हातात आहे ते सुधाराच. मासा रोज उसळत असेल तर आधी पाणी बघा. झाकण लावून खराब पाण्यात कोंडणं हा उपाय नव्हे.

उडी मारण्यात डॅनिओ, मोली, फायटर, कोय हे पटाईत. मरळीच्या जातीतले मासे तर झाकण डोक्याने उचलून बाहेर येतात. वाम उडी मारत नाही, फट शोधते आणि सरपटत निघते. हे लक्षात ठेवलं की झाकण कसं हवं ते आपोआप कळतं: वर अडवणारं, बाजूला फट नसलेलं, सहज उचललं न जाणारं आणि हवा खेळू देणारं.

जाळ्याचंच झाकण का?

काचेचं झाकण चांगलं दिसतं, पण जड. काच दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते. दोन फूट बाय एक फूट टाकीवर ४ मिलिमीटर काच ठेवली तर पावणेदोन किलोच्या वर जाते. पोराच्या हातून सुटली की टाकी आणि पाय दोन्ही गेले. ॲक्रिलिकची पातळ शीट हलकी, पण खालून ओली आणि वरून कोरडी राहिल्याने महिनाभरात वाकते, कोपरे वर उचलतात आणि नेमकी तिथेच फट पडते. प्लायवूड फुगतं. थर्माकोलचं झाकण एका रात्रीपुरतं ठीक, पण भुगा पाण्यात पडतो. कापड तर बिलकुल नको. त्याचं टोक पाण्याला लागलं की ते वातीसारखं पाणी ओढतं आणि सकाळी फरशीवर थारोळं. आणि प्लास्टिकचा कागद दोरीने घट्ट बांधून ठेवणं म्हणजे माशांचा श्वास कोंडणं.

जाळं हलकं आहे, हवा पूर्ण खेळते, उन्हाळ्यात पाणी तापत नाही आणि मासा आपटला तरी डोकं फुटत नाही. मुख्य म्हणजे ते आपल्या घरात आहे आणि ते कसं बांधायचं हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

एकच तोटा: पाण्याची वाफ अडत नाही. मार्च ते मे पाणी जास्त आटेल, तेवढं वरचेवर भरावं लागेल. पावसाळ्यात घाटात हवाच इतकी ओली की हा प्रश्नच नाही.

आस किती घ्यायची? नीट वाचा

इथे आपल्या लोकांचीच चूक होण्याची शक्यता जास्त आहे, कारण आपल्याला जाळं म्हटलं की मासा धरणं आठवतं. झाकणाचं जाळं मासा धरणारं असता कामा नये. आस जर अशी असेल की डोकं आत जातं आणि अंग अडतं, तर ते झाकण म्हणजे टाकीवर लावलेलं गिलनेट झालं. मासा कल्ल्यात अडकून लटकून मरेल.

म्हणून आस माशाच्या डोक्यापेक्षा लहान हवी. आपण आस मोजतो ती ताणून, गाठीपासून गाठीपर्यंत. ताणून १२ मिलिमीटर म्हणजे चौकोनाची एक बाजू ६ मिलिमीटर. हिशेब असा ठेवा:

• गप्पी, डॅनिओ, पिल्लं: खिडकीला लावतात ती मच्छरजाळी. डासही आत जाऊन अंडी घालत नाहीत.
• बोटभर लांबीचे मासे: ताणून १० ते १२ मिलिमीटर.
• वीतभर मासे: ताणून २० मिलिमीटरपर्यंत.

शक्य तो मऊ, बिनगाठीचं जाळं घ्या. तंगुसाचं एकेरी धाग्याचं जाळं कडक असतं, आपटणाऱ्या माशाचे खवले सोलते. बारीक आसाचा तुकडा घरात नसेल तर दोन पदर एकावर एक, आस तिरपी करून बांधा.

जाळं आधी धुवा. दोन दिवस गोड्या पाण्यात भिजत ठेवा, रोज पाणी बदला, मग उन्हात वाळवा. डिझेलचा, डांबराचा किंवा रंगाचा वास येत असेल तर तो तुकडा बाद. कितीही धुतला तरी टाकीवर नको.

आणि लोखंडी, तांब्या-पितळेची किंवा जस्त चढवलेली तारेची जाळी वापरू नका. टाकीवर रोज वाफ धरते, थेंब परत पाण्यात पडतात आणि तांबं-जस्त माशांना, त्याहून कोळंबीला, विषासारखं आहे.

काय काय लागेल

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, म्हणजे ६० बाय ३० सेंटिमीटर धरली आहे. तुमची वेगळी असेल तर त्या हिशेबाने बदला.

• अर्धा इंची पीव्हीसी पाईप, १० फूट
• त्याचेच एल्बो, ८ नग
• पीव्हीसी चिकटवायचं सोल्युशन
• वर सांगितल्याप्रमाणे धुतलेलं जाळं, साधारण ८० बाय ५० सेंटिमीटर
• नायलॉनचा दोरा आणि जाळं विणायची सुई
• धुऊन पूर्ण वाळवलेली बारीक वाळू, साधारण एक किलो
• दारा-खिडकीला लावतात ती फोमची पट्टी
• जाड प्लास्टिकच्या चार पट्ट्या, बोटभर लांब (जुन्या कॅनच्या चालतील)
• करवत, मोजपट्टी, पॉलिश पेपर

पाईप नळदुरुस्तीतून उरलेला असला तरी चालतो, फक्त आतून स्वच्छ हवा. दिग्गीसारख्या गावात पाईप आणायला लांब जावं लागत असेल तर घरच्या बांबूच्या कामट्यांची चौकटही होते. कामट्या तासून गुळगुळीत करा, पक्क्या वाळवा. मात्र पावसाळ्यात बांबूला बुरशी येते, दर पंधरा दिवसांनी पुसून उन्हात नाहीतर चुलीजवळ ठेवावी लागते.

कृती

१. माप घ्या. टाकीचं बाहेरून बाहेर माप घ्या. चौकट प्रत्येक बाजूने अर्धा सेंटिमीटर मोठी करायची, म्हणजे पाईप काचेच्या काठावर नीट बसतो, आत घसरत नाही. ६० बाय ३० च्या टाकीला एकूण झाकण ६१ बाय ३१.

२. दोन चौकटी करा, एक नको. पुढची चौकट ६१ बाय २०.५, मागची ६१ बाय १०.५ सेंटिमीटर. मागची कायम बसून राहील, तिथून वायर आणि हवेची नळी जाईल. पुढची खाणं घालायला उचलता येईल. रोज अख्खं झाकण काढलं की एक दिवस ते परत लावायचं राहून जातं.

३. पाईप कापा आणि आधी कोरडंच जुळवा. एल्बो थोडी लांबी खातो, म्हणून पाईपचे तुकडे पूर्ण मापाचे कापू नका. एल्बो लावून टाकीवर ठेवून बघा, मग कमी-जास्त करा. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासा.

४. वाळू भरा. तीन कोपरे चिकटवून झाले की उघड्या तोंडातून वाळू भरा आणि चौथा कोपरा बंद करा. दोन्ही चौकटी मिळून किलोभराच्या आसपास वजन होतं. काचेइतकं धोक्याचं नाही, पण माशाने उचलावं इतकं हलकंही नाही.

५. सोल्युशन पूर्ण सुकू द्या. चौकटी एक दिवस-रात्र बाहेर हवेशीर ठेवा. वास येतोय तोवर टाकीजवळ नेऊ नका.

६. जाळं बांधा. दोन्ही चौकटी शेजारी शेजारी जमिनीवर ठेवा. एल्बो पाईपपेक्षा जाड असल्याने दोघींच्या मध्ये बारीक फट राहील. जाळ्याचा तुकडा कापू नका, एकच सलग तुकडा दोन्ही चौकटींवरून घ्या. मधल्या फटीवरून जाणारं जाळं हेच बिजागरीचं काम करतं आणि फटही झाकली जाते. कडा पाईपवरून आत दुमडून, जाळं दोराला बांधतो तसं, दर दोन सेंटिमीटरला गाठ मारत जा. ताण एकसारखा ठेवा. ढिलं राहिलं तर मधे झोळ पडून पाण्याला लागेल, फार ताणलं तर चौकट मुरडेल.

७. वायरची जागा करा. मागच्या चौकटीच्या एका कोपऱ्यात जाळ्याला तेवढंच भोक ठेवा आणि नळी-वायर घातल्यावर भोवती फोमचा तुकडा घट्ट बसवा. मासा डोकं मावेल एवढ्या फटीतून निघतो हे विसरू नका.

८. काठाला फोम लावा. कोपऱ्यावर एल्बो जाड असल्याने मधला पाईप काचेपासून जरासा वर राहतो. चौकटीच्या खालच्या बाजूने फोमची पट्टी लावली की ती फट बुजते. वाम असेल तर हे टाळू नकाच.

९. सरकू नये म्हणून पट्ट्या. चार कोपऱ्यांत चौकटीच्या आतून प्लास्टिकच्या पट्ट्या उभ्या बांधा. त्या काचेच्या आत उतरतात आणि मांजराने धक्का दिला तरी झाकण जागेवर राहतं.

शेवटची तपासणी: पाण्याची पातळी काठापासून किमान दोन इंच खाली ठेवा. फायटर, गुरामी, मरळ हे मासे वर येऊन हवा घेतात. वर मोकळी जागा नसली तर भरल्या टाकीतही ते गुदमरतात.

विजेचं भान

दोन फुटी टाकीत पन्नास लिटरच्या आसपास पाणी असतं आणि शेजारीच विजेचा बोर्ड. झाकण करताना हे तीन नियम पाळा.

एक, वायर टाकीतून सरळ बोर्डाकडे नेऊ नका. आधी खाली झोळ देऊन मग वर न्या. वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, सॉकेटपर्यंत पोहोचत नाही. दोन, हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा. खाली ठेवला तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलट पंपात येतं. तीन, हात पाण्यात घालण्याआधी सगळी बटणं बंद. घराला ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी असेल तर उत्तम, नसेल तर वायरमनला विचारून बसवून घ्या. टाकी असो-नसो, तो जीव वाचवतो.

जाळ्यावर दिवा ठेवू नका. दिवा लावायचाच तर भिंतीला किंवा वेगळ्या स्टँडला.

अंगणातला टब: इथे जास्त जपा

घरातल्या टाकीतून मासा सुटला तर तो फरशीवर पडतो. नुकसान घरातच राहतं. अंगणातल्या टबातून सुटला तर तो पाण्याबरोबर जातो. म्हणून घाटात आणि ओढ्याकाठी राहणाऱ्यांसाठी हे वेगळं सांगतो.

• टब पागोळ्यांखाली ठेवू नका. छपराचं सगळं पाणी त्यात पडून दहा मिनिटांत तो वाहायला लागतो.
• काठाच्या चार बोटं खाली एक भोक पाडून नळी बसवा आणि तिच्या तोंडाला मच्छरजाळी दोन पदरी बांधा. जास्तीचं पाणी तिथूनच जाईल. जाळी पाला-शेवाळाने तुंबते, पावसात रोज हात फिरवा.
• वरचं झाकण काठाला दोराने बांधा. वारा उडवून नेतो.
• जुलैत अतिवृष्टीचा इशारा आला की मासे घरात आणा.
• टब रिकामा झाला तर उलटा करून ठेवा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

पाणी बदलताना काढलेलं पाणी ओढ्यात किंवा गटारात नको, माड-केळीच्या बुंध्याशी ओता. त्यात अंडी, गोगलगायी, वनस्पतींचे तुकडे असतात. आज आपल्या नद्या गिळणारी जलपर्णीसुद्धा दक्षिण अमेरिकेतून शोभेची म्हणूनच आपल्याकडे आली होती.

आणि मासे नकोसे झाले तर? दुकानदाराला परत द्या, शेजाऱ्याला द्या, आपल्या सोसायटीत विचारा. कोणीच घेत नसेल तरी नदी, विहीर, तलाव, देवाची तळी इथे सोडू नका. ‘जीवदान’ म्हणून सोडलेला एक सकर हजारो देशी पिल्लांच्या मुळावर येतो.

उलट बाजूनेही तेच. ओढ्यातले मासे छान दिसतात म्हणून टाकीसाठी धरून आणू नका. जोयडा तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात येतो (२०१५ पर्यंत याचं नाव दांडेली-अंशी होतं). तिथून मासे काढणं कायद्याने गुन्हा आहे. शिवाय वाहत्या, गार पाण्यातला मासा बंद टाकीत फार दिवस काढत नाही, आणि उड्या सगळ्यात जास्त तोच मारतो.

झाकण झालं, पुढे?

आठवड्यातून एकदा चौकट पुसा. पाईपवर पांढरा थर धरला तर लिंबाच्या फोडीने घासा, गोड्या पाण्याने धुवा. महिन्यातून एकदा गाठी तपासा. उन्हात राहणारं जाळं वर्ष-दीड वर्षात कुजतं. बोटाने ओढल्यावर धागा तुटला तर नवा तुकडा बांधा. चौकट तीच चालेल.

आणि इतकं करूनही कधी मासा खाली सापडलाच, तर कोरड्या हाताने उचलू नका. हात ओले करून त्याला परत पाण्यात ठेवा, हवा वाढवा, दिवा बंद करा आणि त्या दिवशी खाणं देऊ नका. अंग अजून ओलसर असेल तर बरेचदा वाचतो. मरळीच्या जातीचे मासे तर हवेतून श्वास घेत असल्याने ओल्या फरशीवर बराच वेळ तग धरतात. मग फट कुठे राहिली ती शोधा.

मंडळी, बंदीचे दिवस आहेत, जाळं समोर आहे, सुई हातात आहे. मोजून-मापून केलं तर एका दुपारचं काम, मग सोल्युशन सुकायला एक रात्र. पोरांना सोबत घ्या, आस कशी मोजतात तेही त्यांना कळेल. घाटावर दिग्गी, जोयडा भागात तुमचे पाहुणे असतील तर हा लेख त्यांना जरूर पाठवा. त्यांच्या अंगणातून निघालेलं पाणी शेवटी आपल्याच खाडीत येतं.

तुमच्याकडे याहून सोपी किंवा पक्की पद्धत असेल तर फोटोसह कळवा. आवडलेली पद्धत नक्की सगळ्यांपुढे ठेवू.